न ऐकलेल्या स्टँडवरचा लाल ठिपका

मी, या कागदाच्या शेवटी सही करणार, वय सत्तरीच्या पुढे, धंदा कॅमेऱ्याचे स्टँड विकणे व दुरुस्त करणे, आज पूर्ण शुद्धीत, सकाळचा चहा घेऊन, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने आणि थोड्या रागाने हे मृत्युपत्र करून ठेवत आहे. वकीलबाई म्हणाल्या, "दादा, 'रागाने' हा शब्द काढा, उद्या कोणी हरकत घेईल." मी म्हटले, "मग फक्त 'थोड्या' काढू या." शेवटी दोन्ही शब्द राहिले.

माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. मृत्युपत्राला तेवढा पुरतो. मी त्याला कानांच्या डॉक्टरांचाही दाखला जोडत आहे. तो का, ते पुढे येईल. तूर्त एवढेच सांगतो, की त्या डॉक्टरबाईंनी मला काचेच्या खोलीत बसवले, कानाला यंत्र लावले आणि बारीक बारीक आवाज सोडले. प्रत्येक आवाजाला मी बोट वर केले. मध्ये एकदा त्यांनी काही सोडलेले नसतानाही केले. त्या म्हणाल्या, "काका, आत्ता काही वाजलं नाही." मी म्हटले, "तुमच्या खुर्चीचं चाक वाजलं. तेल घाला." त्यांनी हसत हसत सही केली.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात दुकान, मागची कोठी आणि लाल ठिपका लावण्याचा हक्क धाकट्याला, म्हणजे माझ्या पाठच्या सख्ख्या भावाला, दिला होता. ते मृत्युपत्र आजपासून रद्द समजावे.

कलम पहिले : मिळकत कशी आली

माझी सगळी मिळकत स्वकष्टाची आहे. वडिलांकडून मला फक्त धाकटा मिळाला. तो तेव्हा इतका लहान होता की त्याच्या चपलांचे बंद मी बांधत असे.

तरुणपणी मी एका फोटोग्राफरकडे ओझी वाहायला होतो. ते मोठमोठे समूह-फोटो काढत. कारखान्यातले कामगार, शाळेतले वर्ग, निवृत्त होणारे साहेब. त्यांचा पितळी खटक्यांचा लाकडी स्टँड माझ्या खांद्यावर असे. एकदा एका कारखान्याचा अख्खा फोटो हलला. सगळ्यांना दोन दोन नाके आली. माझे फोटोग्राफर मालक माझ्यावर उखडले, "तूच धक्का लावलास!" मी धक्का लावला नव्हता. पण फोटो निघत असताना कारखान्याचे यंत्र चालू होते आणि स्टँडचा एक पाय त्याच्याबरोबर गुणगुणत होता, तो मी ऐकला होता. तसे सांगितले तर मालक म्हणाले, "आता लाकूड गाणं म्हणतंय म्हणे!" संध्याकाळी त्या पायाचा सैल झालेला जोड मी आवळला. दुसऱ्या दिवशी यंत्र तेच, माणसे तीच, आणि नाक प्रत्येकाला एकच. मालकांनी माफी मागितली नाही, पण तेव्हापासून स्टँड मांडला की ते माझ्या तोंडाकडे बघत. मी मान हलवली की मगच बटण दाबत.

माझा धंदा एवढाच. बाकी दुकान, कोठी, वरचे घर ही त्याच्यामागून आली.

कलम दुसरे : स्टँड कसा निवडावा

वकीलबाईंचे म्हणणे, ही मिळकत नव्हे, हे कलम गाळा. मी म्हणतो, हीच मिळकत आहे, आणि ती मी कोणा एकाला देत नाही. ज्याला हवी त्याने घ्यावी.

स्टँड घ्यायला गेलात की डबा पाहू नका. उंची विचाराल तर मधली दांडी खाली ठेवून विचारा. दांडी वर ओढून उंच झालेला स्टँड म्हणजे टाचा उंच करून उभा राहिलेला माणूस, वाऱ्याची झुळूक आली की डुलणारच. पायाचे तुकडे जितके कमी तितके बरे. प्रत्येक खटका हा एक सांधा आहे आणि म्हातारपण सांध्यांतच आधी येते. सगळ्यात खालचा तुकडा बोटाएवढा बारीक असेल तर वरचा कितीही जाड असो, नमस्कार करून बाहेर पडा. मग पाय फाकवा, माथ्यावर तळहात ठेवून अंगाचा भार टाका आणि हलकेच पिळा. कुरकुरला तर सोडून द्या.

सगळ्यात शेवटी पायाला बोटाच्या पेराने टिचकी मारा आणि कान मधल्या दांडीला लावा. चांगला स्टँड 'ठक्' म्हणतो आणि गप्प बसतो. वाईट स्टँड बोलत राहतो. जो टिचकीनंतर बोलत राहतो, तो फोटो निघत असतानाही बोलत असतो. वजनदार म्हणून मजबूत, महाग म्हणून मजबूत, हे दोन्ही गैरसमज माझ्या दुकानाबाहेर काढून ठेवत जा, असे मी गिऱ्हाइकांना सांगत आलो.

कलम तिसरे : ठिपका

दुकान नवे होते तेव्हा मी ऐकलेले आणि न ऐकलेले स्टँड एकाच कोपऱ्यात उभे राहत आणि माझाच गोंधळ होई. एक दिवस आमची ही, म्हणजे माझी दिवंगत पत्नी, नखे रंगवत बसली होती. ती म्हणाली, "अहो, आणा इकडे." आणि तिने ऐकलेल्या स्टँडच्या माथ्याखाली लाल नेलपॉलिशचा एक ठिपका ठेवला. म्हणाली, "आता हा ओळखीचा झाला." तेव्हापासून आमच्याकडचा प्रत्येक पास झालेला स्टँड तिच्या नखाच्या रंगाचा. ती गेल्यावरही मी तोच रंग आणत राहिलो, पण ओतायचा मात्र तिच्या जुन्या बाटलीत. त्या बाटलीत रंग ढवळण्यासाठी दोन बारीक गोळ्या असतात. बाटली हलवली की टिक टिक वाजतात.

हळूहळू गिऱ्हाइके स्टँड उलटा करून ठिपका बघू लागली. लांबून येणारे लोक किंमत विचारायच्या आधी विचारत, "दादांनी ऐकलाय ना?" या एका प्रश्नावर मी घर बांधले.

कलम चौथे : किरकोळ

चौकातल्या कॅमेऱ्याच्या मोठ्या दुकानाचे शेठ भर बाजारात म्हणाले होते, "स्टँड म्हणजे काय हो, तीन काठ्या!" माझ्या पश्चात त्यांना माझ्या कोठीतल्या तीन काठ्या द्याव्यात. सुतळीने बांधून, नीट, आदराने.

माझे मेहुणे एक स्टँड 'दोन दिवसांसाठी' घेऊन गेले आणि विसरले. तो परत मागू नये. तो मी नापास केलेला होता.

माझी ऐकायची खुर्ची, जिचा एक हात तुटला आहे, समोरच्या शिंपीणमावशींनी बऱ्याच वेळा मागितली. पण त्या या कागदावर साक्षीदार आहेत, आणि वकीलबाई म्हणतात की साक्षीदाराला काही देता येत नाही. म्हणून ती मी त्यांना आजच, जिवंतपणी, देऊन टाकली आहे. या क्षणी त्या तिच्यावरच बसल्या आहेत.

कलम पाचवे : गच्चीवाल्या बाई

आता मुख्य गोष्ट सांगतो.

जुन्या इमारतींचे फोटो काढणाऱ्या एक बाई आमच्याकडे येत. गच्च्यांवर चढून काम करतात म्हणून मी त्यांना गच्चीवाल्या बाई म्हणतो. त्यांनी आमच्याकडून नवा स्टँड नेला. कठड्याजवळ मांडला, कॅमेरा बसवला, लांबून बटण दाबायला मागे सरल्या, तेवढ्यात स्टँडचा खालचा खटका सुटला. कॅमेरा स्टँडसकट खाली अंगणात. अंगणात एक बाई धुणे वाळत घालत होती. चिमटा आणायला आत वळली म्हणून वाचली.

गच्चीवाल्या बाई भांडायला आल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरे झाले असते. मोडका स्टँड त्यांनी माझ्यासमोर आडवा ठेवला, उलटा करून लाल ठिपका दाखवला आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "दादा, रागावू नका. एकदा कान दाखवून घ्याल का?"

मी मोडका स्टँड जवळ ओढला. उरलेल्या धडक्या पायाला टिचकी मारली. तो बोलतच राहिला. तुम्ही म्हणाल, मोडलेल्या स्टँडचे काय ऐकायचे! पण माणूस आजारी पडला तरी आवाज त्याचाच असतो. हा आवाज मी आयुष्यात कधी ऐकलेला नव्हता. हा स्टँड माझ्या हातून गेलाच नव्हता.

पुढच्या दिवशी जेवायला वर जातो म्हणून निघालो आणि जिन्यावरूनच मागे फिरून कोठीत, दुकानाकडच्या सरकत्या फळीआड, बसलो. पलीकडे धाकटा होता. नव्या मालाचे डबे फुटण्याचा आवाज आला. मग बाटलीतल्या गोळ्या वाजल्या. टिक टिक टिक. मी टिचकीची वाट बघत होतो. आधी टिचकी, मग बाटली, हा आमच्या दुकानाचा क्रम. टिचकी आलीच नाही. पुन्हा डबा, पुन्हा गोळ्या. डबा, गोळ्या. एकही स्टँड कोणी ऐकत नव्हते.

इथवर मला राग आला होता. मग दुसरा आवाज आला.

"काका, हळू हलवा ना. बाबांना ऐकू जाईल."

माझी लेक. ठिपके तीच लावत होती. काका डबे फोडत होता, बाटली हलवत होता आणि ती आईच्या त्या बाटलीतून ठिपके देत होती.

मी फळी सरकवली. लेकीच्या हातातला ब्रश तसाच राहिला. धाकटा आधी हसला. लहानपणी काच फोडल्यावर हसायचा तसा.

"दादा, तू जेवला नाहीस?"

"कधीपासून चाललंय हे?"

"हे बघ, शांतपणे ऐक."

"तेच तर करतोय. कधीपासून?"

लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही डोळ्याच्या ऑपरेशनला गेला होता तेव्हापासून. लोक खोळंबले होते. मला वाटलं, तुम्हाला आल्या आल्या त्रास नको."

"माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, कानाचं नाही. आल्यावर का थांबला नाहीत?"

तिने धाकट्याकडे पाहिले. मग धाकटा बोलला, आणि जे बोलला ते मी इथे शब्दशः सांगतो, कारण त्याला ते बोलायला बरीच वर्षे लागली असावीत.

"दादा, तू दिवसभरात चार स्टँड ऐकणार. दारात माणसं उभी. ती ऐकण्यासाठी येत नाहीत रे, ठिपक्यासाठी येतात. ठिपका पाहिला की खूश होऊन जातात. ऐकणं तुला हवं होतं. त्यांना नाही."

त्याचे म्हणणे पुरते खोटे नव्हते. आजही नाही. फक्त खाली अंगणात एक बाई चिमटा आणायला वळली होती, एवढेच मला दिसत राहते.

मी म्हटले, "गच्चीवाल्या बाईंकडे जा आणि खरं सांग. एवढं कर, मी विषय मिटवला."

"जातो," म्हणाला. गेलाही.

चार-आठ दिवसांनी बाई दुकानात आल्या. दारातूनच मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून, म्हणाल्या, "दादा! नमस्कार! कसे! आहात?" मला वाटले, रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट आहे म्हणून. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून त्या ओरडल्या, "तुमच्या भावाने! सगळं सांगितलं! वयाप्रमाणे होतं! मनाला लावून घेऊ नका!"

धाकट्याने त्यांना सगळे सांगितले होते. फक्त दोष माझ्या कानांना दिला होता.

त्या दिवसापासून बाजार माझ्याशी ओरडून बोलतो. चहावाला माझ्या कानात 'साखर?' म्हणून किंचाळतो. बँकेतल्या ताई काचेवर टकटक करून हातवारे करतात. मी म्हणतो, मला ऐकू येते. ते मान डोलावतात आणि अजून मोठ्याने बोलतात. बहिरा माणूस मी बहिरा आहे असे कधी म्हणतो का? मी कानांचा दाखला दुकानात भिंतीवर लावून पाहिला. एकाने तो वाचला आणि माझ्या तोंडाजवळ येऊन ओरडला, "छान, छान!"

आणि माझ्या मागे ते हळू आवाजात जे बोलतात ते तर मला सगळेच ऐकू येते. "बिचारे. एके काळी काय कान होते!" "आता ठिपका बघून घेऊ नका हो, म्हातारा अंदाजाने लावतो." धाकटा गल्ल्यावर बसून हे ऐकतो आणि मान खाली घालतो. एकदाही त्याने 'नाही, चूक माझी' असे म्हटलेले नाही. ज्याच्या चपलांचे बंद मी बांधले, त्याने माझी अब्रू आपल्या पायाखाली चौरंगासारखी घेतली आणि तिच्यावर उभा राहिला. स्टँड मात्र अजून विकतो. त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. पोटाला लागतेच.

मी सांगून लोकांना पटणार नाही. दाखल्याने पटणार नाही. पटले तर एकाच तोंडाने पटेल, आणि ते तोंड धाकट्याचे आहे. हे मृत्युपत्र मुख्यतः त्यासाठी आहे.

गच्चीवाल्या बाईंना माझा पहिला लाकडी स्टँड द्यावा. जुन्या मालकांनी धंदा बंद करताना तो मला दिला होता. त्याच्या माथ्याखाली ठिपका नाही, कारण तो ठिपक्याच्याही आधीचा आहे. त्यांचा कॅमेराही माझ्या शिलकीतून भरून द्यावा. त्यांची काहीच चूक नव्हती. त्या ओरडल्या त्याबद्दलही माझी तक्रार नाही, मायेनेच ओरडल्या.

कलम सहावे : घर आणि बाटली

दुकानावरचे राहते घर, त्यातल्या सर्व चीजवस्तू आणि वरची देणी भागवून बँकेत उरेल ती शिल्लक माझ्या लेकीला. यात कसलीही अट नाही. तिच्यावर मी रागावलो, पण ती माझी लेक आहे आणि घर तिच्या आईनेही उभे केले आहे. तिला खरेच वाटले होते की ती माझे कष्ट वाचवते आहे. आपल्याच माणसाने दयेपोटी फसवले की ओरडताही येत नाही, एवढेच मला तिला सांगायचे होते. सांगितले.

तिने आईची बाटली मागितली आहे. तीही तिलाच. मात्र आतला रंग मी काल स्वतः ओतून टाकला आहे आणि बाटली गरम पाण्याने धुतली आहे. आता कोणत्याही स्टँडवर आमचा ठिपका लागणार नाही. गोळ्या मी आत तशाच ठेवल्या आहेत. बाळ, कधी हलवून बघ. रिकाम्या बाटलीत त्या जास्त स्पष्ट वाजतात.

कलम सातवे : दुकान

दुकान, कोठी, त्यातला माल आणि दारावरची पाटी माझ्या धाकट्या भावाला.

वकीलबाईंनी पेन खाली ठेवले. "दादा, एवढं सगळं झाल्यावर दुकान त्यालाच?"

"मग कोणाला? त्याला दुसरं काही येत नाही. मीच शिकवलं नाही."

"अट तरी घाला."

अट घालतो. एकच आहे.

गावोगाव आमचे ठिपक्याचे स्टँड पसरलेले आहेत. त्यातले ऐकलेले कोणते आणि न ऐकलेले कोणते, हे आता धाकट्यालाही ठाऊक नाही. तरी त्याने दुकानाबाहेर फलक लावावा, की ज्याच्याकडे लाल ठिपक्याचा स्टँड असेल त्याने तो तपासायला आणावा. स्टँड आला की धाकट्याने तो वर सांगितल्याप्रमाणे पिळून, भार टाकून, टिचकी मारून बघावा. त्याला येते. कान त्याचेही चांगले आहेत, आमच्या आईचे आहेत, फक्त तो वापरत नाही. चांगला निघाला तर तसाच परत द्यावा. बोलका निघाला तर गिऱ्हाइकासमोर ठिपका स्वतःच्या नखाने खरवडून काढावा, बदली चांगला स्टँड द्यावा, आणि देताना एक वाक्य म्हणावे :

"हा माझ्या दादाने ऐकलेला नव्हता. ठिपका मी लावला."

इतकेच. आणखी खुलासा नको, लेकीचे नाव नको, रडणे नको, माझी स्तुती तर मुळीच नको. गच्चीवाल्या बाईंकडे मात्र त्याने आधी जावे आणि हे वाक्य पहिल्यांदा तिथे म्हणावे. त्या मोठ्याने 'काय?' म्हणाल्या तर पुन्हा म्हणावे.

वकीलबाईंनी विचारले, "तो म्हणतो की नाही हे कोण बघणार? कोणाला तरी नेमायला हवं." बाकीच्या सर्व कलमांची अंमलबजावणी त्यांनीच करावी, अशी त्यांना माझी विनंती आहे आणि ती त्यांनी मान्य केली आहे. पण या अटीवर मी कोणालाही नेमत नाही. त्याने वाक्य गिळून टाकले तरी दुकान त्याचेच राहील.

धाकट्या, मला सगळे ऐकू येते हे तुला ठाऊक आहे. फळी सरकवण्याआधी मी किती वेळ पलीकडे बसलो होतो ते तू कधी विचारले नाहीस. मीही सांगितले नाही. तू स्टँडला टिचकी मारशील, दुकान क्षणभर शांत होईल, आणि तुला वाटेल की कोठीच्या फळीआड कोणीतरी बसले आहे. त्याला माझा इलाज नाही.

वरील सर्व मजकूर वकीलबाईंनी माझ्या सांगण्यावरून लिहिला. नंतर दोन्ही साक्षीदार खोलीच्या त्या टोकाला, दाराशी, जाऊन उभे राहिले आणि माझ्याकडे पाठ करून त्यांनी तो कुजबुजत वाचला. शेजारच्या घड्याळजींनी एके ठिकाणी 'चौरंगासारखी' हा शब्द गाळला, तो मी इथून त्यांना सांगितला. शिंपीणमावशी त्यावर म्हणाल्या, "अगं बाई, म्हणजे इतके दिवस आपण उगाच घसा फोडला!" हेही मी ऐकले. मजकूर बरोबर आहे, पुरता आहे आणि मला मान्य आहे.

सही : दादा, स्टँडवाले
(सहीशेजारी ठिपका नाही. रंग संपला आहे.)

आमच्या देखत, हळू आवाजात :
साक्षीदार एक : शेजारचे घड्याळजी
साक्षीदार दोन : समोरच्या शिंपीणमावशी

ठिकाण : दुकानामागची कोठी, पंखा बंद करून
दिनांक : दुकानाच्या सुट्टीचा वार, दुपार. फळीपलीकडे धाकटा मघापासून उभा आहे. त्याच्या उजव्या चपलेचा बंद सैल वाजतो आहे.